प्रतिसरकारच्या फलकावर पत्रीचं काय लिहायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. वाळवा तालुक्यातल्या तुमच्या गावात हुतात्मा स्मारकाची डागडुजी चालली आहे. दर्शनी भिंतीवर प्रतिसरकारबद्दल, म्हणजे 1943 ते 1946 मध्ये इंग्रजांना न जुमानता आपल्या भागातल्या लोकांनी चालवलेल्या कारभाराबद्दल, ग्रॅनाइटचा फलक आणि आतल्या खोलीत फोटोंचं छोटं दालन करायचं ठरलंय, आणि शिकलेला मुलगा म्हणून मजकुराचं काम समितीने तुमच्या गळ्यात टाकलंय. तुमच्या आईच्या आजोबांनी तुफान सेनेच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाच्या, चिठ्ठ्या गावोगाव पोचवल्या. वडिलांच्या आजोबांना मात्र पोलिसांचे खबरे म्हणून चावडीपुढे पत्री ठोकली, म्हणजे तळपायांवर काठीचे फटके मारले. समितीतले काही जण म्हणतात, फितुरांची नावंही कोरा, पुढच्या पिढीला कळू द्या. काही म्हणतात, पत्रीचा विषयच नको, उगाच गाव पेटेल. आणि घरात आजी या विषयावर तोंड उघडत नाही.

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. पलूस, तासगाव, खानापूर, वाळवा, कराड या पट्ट्यातल्या गावांना स्मरणिका आणि फलकांचे मजकूर लिहायला मदत करत आलोय, जुन्या माणसांच्या मुलाखतीही बऱ्याच घेतल्या. सांगतोय ते त्या कामातून आलेलं आहे. प्रत्येक गावाला ते जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. शिक्षा झालेलं घर अजून गावात आहे की परगावी गेलंय, जुनी भांडणं पुढे ग्रामपंचायतीच्या राजकारणात उतरली का, साक्षीला कोण हयात आहे, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

नावं लिहायची की नाही, हा प्रश्न माझ्या मते दुसरा. पहिला प्रश्न, फलक कुणाच्या वतीने बोलणार? तो गावाच्या वतीने बोलणार असेल, तर तुमच्या आईचं माहेर त्या गावात आहे आणि वडिलांचं घरही आहे. वाचणारी पोरं दोन्ही घरांतली आहेत. मजकुराचं प्रत्येक वाक्य या कसोटीवर घासून पाहा.

आता हा विषय एवढा अडचणीचा का झाला, ते पाहू. 1942 च्या ऑगस्टनंतर आपल्या भागात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. तासगाव, वडूज, इस्लामपूर ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. वडूजला 9 सप्टेंबरला गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे हातात तिरंगा घेऊन पडले. इस्लामपूरच्या गोळीबारात किर्लोस्करवाडीचे अभियंते पंड्या गेले. या हुतात्म्यांबद्दल कुठल्याच गावात मतभेद नाही, कारण गोळी झाडणारा सरकारी होता आणि पडणारा निःशस्त्र होता. 1943 ते 1946 चा काळ वेगळा. आता लोकांच्याच हाती सत्ता आली होती. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखी माणसं भूमिगत राहून कारभार चालवत होती. न्यायदान मंडळं तंटे मिटवत होती, दारूच्या भट्ट्या मोडल्या जात होत्या, कर्ज न काढता गांधी पद्धतीने लग्नं लागत होती, दरोडेखोरांचा बंदोबस्त होत होता. आणि ज्याच्या हाती कारभार, त्याच्या हाती शिक्षाही आली. पायाच्या तळव्यांवर काठीचे फटके, हीच ती पत्री. ती खाणारा इंग्रज नसायचा. गावातलाच कुणाचा तरी बाप, चुलता असायचा.

त्यामुळे 1942 च्या हुतात्म्यांची स्मारकं झटपट उभी राहिली आणि पुढची तीन वर्षं फलकांवर एका ओळीत आवरली गेली. अंतुले मुख्यमंत्री असताना राज्यभर सुमारे दोनशे हुतात्मा स्मारकं बांधायचं ठरलं, तुमचं स्मारक बहुधा त्यातलंच असेल. ती योजना हुतात्म्यांसाठी होती. ज्यांनी चालता-बोलता कारभार केला आणि पुढे म्हातारपणी घरात देह ठेवला, त्यांना त्या रचनेत जागाच नव्हती. पत्री खाल्लेल्यांना तर कुठे असणार? साताऱ्याच्या गेंडामाळावर 1857 मध्ये 17 जणांना देहदंड दिला गेला, तिथलं स्मारक पाहायला गेलात तर कुणाच्या मनात शंका येत नाही. तिथे समोरच्या बाजूला आपल्या आळीतलं घर नाही. तुमच्या गावात आहे. काम अवघड आहे ते त्यामुळे, तुमचं काही चुकतंय म्हणून नाही.

पत्री वगळायची का? मी म्हणतो, नाही. गेली कित्येक वर्षं मी हे समित्यांना सांगत आलोय, दर वेळी पटतंच असं नाही. प्रतिसरकार हे नुसतं बंड नव्हतं, ते सरकार होतं, हाच तर त्याचा मोठेपणा. न्याय, धान्य, बाजार, लग्न या सगळ्यात त्याने हात घातला. मग त्याच्या शिक्षा तेवढ्या झाकायच्या आणि बाकीचं मिरवायचं, असं केलं की उरतं ते फक्त गाणं. कारभार दिसत नाही. शिवाय झाकलं म्हणून विसरलं जात नाही. फलकावर नसलेली गोष्ट पारावर दुप्पट होऊन फिरते. शिक्षा झालेलं घर म्हणतं, खोटं लिहिलं. शिक्षा देणाऱ्यांच्या नातवाला वाटतं, आजोबांनी काहीतरी लाजिरवाणं केलं असणार, म्हणून लपवलं. त्या काळची परिस्थिती त्याला कुणी सांगितलेलीच नसते.

ती परिस्थिती दालनात जरूर लिहा. भूमिगताचा ठावठिकाणा पोलिसांना कळला की त्याला आसरा देणाऱ्या घरावर धाड पडायची, माणसं उचलून नेली जायची. 24 जुलै 1943 ला वसंतदादा आणि साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, तेव्हा पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले. खबर म्हणजे जीव, असा तो काळ होता. त्यात गावांची सरहद्दही गुंतागुंतीची. कुंडल औंध संस्थानात, शेजारचं गाव खालसा म्हणजे थेट इंग्रजांच्या मुलखात, पलीकडे सांगली नाहीतर मिरजेचं संस्थान. हद्द ओलांडली की फौजदार बदलायचा. भूमिगतांना त्याचा फायदा झाला, तसा संशयही वाढला. दुसऱ्या हद्दीत वरचेवर जाणारा माणूस सोयऱ्याकडे जातोय की ठाण्यावर, हे ठरवणार कोण?

इथेच नावं न लिहिण्याचं माझं पहिलं कारण येतं. न्यायदान मंडळांचे निवाडे बहुतेक तोंडी झाले. जे कागद होते ते धाडीच्या भीतीने जाळले किंवा पुरले गेले. हाती उरतात पोलिसांचे कागद. आणि त्यांत कुणाची नावं सापडतात? ज्यांनी फिर्याद दिली त्यांची. जो मार खाऊन गप्प बसला, त्याचं नाव कागदावर नाही. म्हणजे त्या कागदांवरून ‘फितुरांची यादी’ केली तर ती फितुरांची यादी होत नाही, फिर्याद देणाऱ्यांची होते. त्यात खरा खबऱ्या असेल, बांधाच्या भांडणात भावकीने नाव पुढे केलेला असेल, प्रतिसरकारचं नाव सांगून लुटायला आलेल्या तोतयांनी मारलेलाही असेल. तोतये होते, हे प्रतिसरकारच्याच माणसांनी सांगितलंय आणि त्यांनी अशांना शिक्षाही केल्या. ऐंशी वर्षांनी हे वेगळं कसं काढणार? आणि एकदा दगडात कोरलं की त्या माणसाची बाजू मांडायला कुणी उठू शकत नाही.

दुसरं कारण सरळ माणुसकीचं. एका गावात मी एका वृद्ध बाईंना भेटलो होतो. त्यांच्या सासऱ्यांना पत्री बसली तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. मारल्याचं त्या दोन वाक्यांत बोलल्या. नंतरचं मात्र बराच वेळ सांगत राहिल्या. सासऱ्यांचे पाय मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात ठेवायचे, ते काम त्यांचं. घरातल्या कुणी त्यांच्याकडे वर मान करून पाहायचं नाही, असा दंडकच होता. पाणवठ्यावर बाया घागर भरायच्या थांबायच्या, ही भरून गेली की मग पुढे यायच्या. सुगीला माणसं मिळाली नाहीत, जोंधळा घरच्यांनीच कापला. सासरे फितूर होते का, असं मी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं की त्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि सासऱ्यांना विचारायची घरात कुणाची छाती झाली नाही. आज त्यांची पणतवंडं गावच्याच शाळेत आहेत. तिथल्या मुलांना पंधरा ऑगस्टला रांगेत उभं करून खापरपणजोबाचं नाव फितूर म्हणून वाचायला लावायचं? कुठल्याही स्वातंत्र्याला याची गरज नाही.

आता उलट बाजू. काही समित्या तोल साधायच्या नादात लिहून टाकतात, ‘या काळात दोन्ही बाजूंनी सोसले, सर्वांना अभिवादन.’ हे वाक्य मला आवडत नाही, तुम्हीही लिहू नका. दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. एका बाजूला परकी राजवट होती आणि दुसऱ्या बाजूला ती घालवायला घरदार सोडलेली माणसं होती. शेणोलीला 7 जून 1943 ला तुफान सेनेने सरकारी पगाराचा पैसा नेणारी रेल्वेगाडी अडवली. जी. डी. बापूंबरोबर त्या मोहिमेत असलेले रामचंद्र लाड, आपले कॅप्टन भाऊ, त्याला लूट म्हणू देत नसत. लोकांचा पैसा लोकांकडे आणला, हे त्यांचं म्हणणं अखेरपर्यंत ठाम होतं. तो बाणा फलकात दिसलाच पाहिजे. पत्रीचा उल्लेख करायचा म्हणजे लढ्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं, असा त्याचा अर्थ होत नाही.

मी अशा ठिकाणी कृती लिहायला सांगतो, विशेषणं गाळायला सांगतो. ‘शूर’, ‘नराधम’, ‘देशद्रोही’, ‘अमर’ हे सगळं बाजूला ठेवा. नमुना देतो, गावाप्रमाणे बदला:

‘1943 ते 1946 या काळात या गावाने प्रतिसरकारचा कारभार चालवला. न्यायदान मंडळाने तंटे मिटवले, दारूबंदी केली, दरोड्यांचा बंदोबस्त केला. गावातील घरांनी भूमिगतांना आसरा आणि भाकरी दिली. दरोडेखोरांना, तसेच पोलिसांना खबर दिल्याचा आरोप असलेल्यांना पत्रीची शिक्षा देण्यात आली. ब्रिटिश राजवटीविरुद्ध काम करताना या गावातील पुढील व्यक्तींनी तुरुंगवास भोगला.’

‘आरोप असलेल्यांना’ हा शब्दप्रयोग तसाच ठेवा. समितीत कुणीतरी ‘फितुरांना’ करा म्हणेल, तिथे तडजोड करू नका. आरोप होता एवढंच आपल्याला माहीत आहे. ‘दरोडेखोर’ लिहिताना कुठल्या जातीजमातीचं नाव चिकटवू नका, ही माझी आग्रहाची विनंती. ज्या जमातींना इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तो कायदा 1952 मध्ये गेला, पण गावच्या बोलण्यातून ती सवय गेलेली नाही.

प्रतिसरकार किती गावांत होतं, हा आकडाही कोरू नका. कुणी दीडशे सांगतं, कुणी सहाशे. फलक तुमच्या गावाचा आहे, तुमच्या गावात काय झालं तेवढं लिहा. जिल्ह्याचं नाव लिहिताना तेव्हा एकच सातारा जिल्हा होता हे लक्षात असू द्या. दक्षिण सातारा 1949 मध्ये निघाला आणि त्याचं सांगली नाव 1960 मध्ये झालं. ‘सांगली जिल्ह्याचे प्रतिसरकार’ असं लिहिलेले फलक मी पाहिलेत, साताऱ्याकडची माणसं त्यावर रास्त रागावतात.

लढलेल्यांच्या यादीकडेही डोळसपणे पाहा. ग्रामपंचायतीत जी यादी असते ती बहुधा मानधनाच्या कागदांवरून आलेली असते. केंद्राची पेन्शन योजना 1972 ची. तिला साधारणपणे सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा पुरावा लागायचा, स्त्रियांना तीन महिन्यांचा. भूमिगतांना नामवंत सैनिकाचा दाखला आणावा लागे. जो पकडला गेला तो यादीत आला. जो इतका सावध राहिला की कधी सापडलाच नाही, त्याला दाखल्यासाठी वणवण करावी लागली, आणि ज्याचं पुढे त्या नेत्याशी राजकारणात फाटलं त्याने दाखला मागितलाही नाही. तुमच्या आईच्या आजोबांचं नाव यादीत नसण्याची शक्यता मला जास्त वाटते. बायकांचं तर विचारूच नका. नानांच्या कन्या हौसाताई पाटलांचं काम लोकांना माहीत झालं, कारण त्या दीर्घायुषी ठरल्या आणि बोलल्या. रात्री-अपरात्री दहा-वीस माणसांच्या भाकरी थापणाऱ्या, पाटीत गवताखाली पिस्तूल नेणाऱ्या बाया गावोगाव होत्या. यादीखाली ‘आणि ज्यांची नोंद झाली नाही अशा स्त्री-पुरुषांनी’ एवढी ओळ घाला आणि शोध घेऊन दालनात जमेल तेवढी नावं वाढवत राहा. फलक बदलत नाही, दालन बदलता येतं. वादाचं, तपशिलाचं सगळं दालनात ठेवायचं ते यासाठीच.

मुलाखती घ्याल तेव्हा एक गोष्ट हमखास होईल. 1943-46 आणि 1948 यांची सरमिसळ होते. गांधीहत्येनंतर आपल्याकडे ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ते जळीत आणि प्रतिसरकार या वेगळ्या घटना आहेत, पण सांगणारा तेव्हा लहान असेल तर त्याच्या डोक्यात रात्री आलेला जमाव, मशाली, पळापळ सगळं एक झालेलं असतं. जळितात घर गेलेल्यांच्या आठवणीत प्रतिसरकारही कधीकधी आरोपी होऊन बसतं. त्यांना खोडू नका. ‘तेव्हा गांधीजी होते का गेले होते?’, ‘स्वराज्याचा झेंडा लागला होता का?’, ‘थोरल्या भावाचं लग्न झालं होतं का?’ असं विचारत जा, काळ आपोआप सुटा होतो. आणि जळीत तुमच्या गावात झालं असेल तर त्याची नोंद स्वतंत्रपणे करा, प्रतिसरकारच्या फलकात ते मिसळू नका आणि गाळूनही टाकू नका.

आणखी एक अडसर राजकारणाचा. प्रतिसरकारची माणसं स्वराज्यानंतर एका पक्षात राहिली नाहीत. नाना शेतकरी कामगार पक्षातून कम्युनिस्ट पक्षात गेले आणि 1957 मध्ये साताऱ्यातून, 1967 मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून आले. यशवंतराव, वसंतदादा काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले. वाळव्याला नागनाथअण्णांनी साखर कारखान्याला हुतात्मा किसन अहीर यांचं नाव दिलं, कुंडलच्या कारखान्याला जी. डी. बापूंचं नाव आहे. आपल्याकडे आठवणसुद्धा कारखान्यांच्या कार्यक्षेत्राप्रमाणे वाटली गेली आहे. तुमच्या समितीत कोण कुठल्या कारखान्याचा सभासद आहे, यावर कुणाचा फोटो मोठा लावायचा हे ठरेल. भांडत बसू नका. सगळे फोटो एकाच मापाचे करून घ्या आणि अक्षरक्रमाने लावा. उद्घाटनाला कुणा एका नेत्याला बोलावण्यापेक्षा गावातल्या सगळ्यात वृद्ध बाईंच्या हस्ते करा, हे मी सुचवतो आणि बहुतेक गावांना ते पटतं.

मजकूर समितीपुढे जाण्याआधी आणखी एक करा. शिक्षा झालेल्या घरांत स्वतः जा आणि तो कच्चा मसुदा वाचून दाखवा. परवानगी मागायला जाऊ नका, सांगायला जा. दगडावर काय येणार आहे ते त्यांना जत्रेतल्यासारखं गर्दीत कळू नये. तुमच्या बाबतीत त्यातलं एक घर तुमचंच आहे, म्हणून बाकीच्या घरांत तुम्हाला दार लवकर उघडेल. समितीला तुमचा पक्षपात होईल अशी शंका आली, तर दोन्ही पणजोबांची गोष्ट पहिल्याच बैठकीत मोकळेपणाने मांडा. मागून दुसऱ्याने काढली तर मजकुराची किंमत जाईल.

राहिल्या आजी. त्यांना पत्रीबद्दल विचारू नका. त्या वेळी घरात कोण कोण होतं, बैल किती होते, रेशनवर काय मिळायचं, बाजार कुठल्या गावचा, हे विचारा. पहिल्या एकदोन बैठकींना मोबाइल खिशातच राहू द्या. बोलत्या झाल्या तर रेकॉर्ड करू का असं स्पष्ट विचारा, आणि रेकॉर्डिंग कुणापाशी राहील, कधी ऐकवायचं, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. काही जण सांगतात की मी गेल्यावर ऐकवा. तसं सांगितलं तर तारीख घालून पाकिटावर लिहून ठेवा आणि दालनात ठेवू नका, घरात ठेवा. नाहीच बोलल्या तर फलक त्यांच्यावाचून अडत नाही, वर दिलेल्या चार ओळींना त्यांच्या साक्षीची गरज नाही. मसुदा तयार झाला की इथेच टाका, मी ओळ न ओळ वाचून कळवीन.